मीडिया कंपनीत जाऊ का? आधी डेस्क आणि पाळी विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापूरच्या एका नागरी सहकारी बँकेत कायम नोकरी आहे, मराठीत एम.ए. आणि पत्रकारितेची पदविका झालीय, आणि मुंबईतल्या एका मीडिया कंपनीचं ऑफर लेटर हातात आहे. कंपनीचं दैनिक आहे, वृत्तवाहिनी आहे, वेबसाइटही आहे. पद 'कंटेंट प्रोड्युसर', पगार वर्षाला ४ लाख २० हजार. तिथल्या कर्मचाऱ्यांचे अभिप्राय वाचले तर निम्मे म्हणतात 'घरासारखं वातावरण, खूप शिकायला मिळतं', निम्मे म्हणतात 'चुकूनही येऊ नका'. मग खरं कोणाचं?

दोघांचंही. त्यांनी पगार एकाच कंपनीचा घेतला, पण काम एका ठिकाणी केलं नाही. दुपारी चारला येऊन रात्री एकला पान छपाईला सोडणारा उपसंपादक, सकाळी सहाचं बुलेटिन लावणारी प्रोड्युसर, तालुक्याला बसून बातमीमागे पैसे घेणारा स्ट्रिंगर आणि वेबसाइटच्या आकड्यांवर डोळे लावून बसलेली पोरं, ही सगळी वेगवेगळ्या नोकऱ्या करतात. कँटीन तेवढं एक. म्हणून 'कंपनी कशी आहे' याला उत्तर नसतं. डेस्क (म्हणजे बातम्या तपासून, मांडून पुढे देणारा विभाग) कोणतं, पाळी कोणती, वर बसणारा माणूस कोण आणि नेमणुकीचा कागद कसला, एवढं कळलं तर मात्र बरंच सांगता येतं.

मी सांगलीच्या जिल्हा कार्यालयात बातमीदार होते, मग मुंबईत दैनिकाच्या डेस्कवर, मग वाहिनीच्या आउटपुटला, म्हणजे आलेल्या बातम्या प्रक्षेपणासाठी तयार करणाऱ्या विभागात, आणि आता डिजिटलमध्ये आहे. मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूलाही बरीच वर्षं बसलेय. तुमच्यावर घरचं कर्ज आहे का, मुंबईत राहायची सोय आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यावर निम्मा निर्णय ठरेल. ते बाजूला ठेवून लिहिते.

आधी लोकांना काय आवडतं ते, कारण त्याबद्दल अभिप्रायांत फार मोघम लिहिलेलं असतं. 'शिकायला मिळतं' म्हणजे काय मिळतं? आमच्या डेस्कवर नव्यानं आलेल्या एका मुलाकडे पावसाळ्यात एक बातमी आली, 'तालुक्यात अतिवृष्टी, पिकांचं प्रचंड नुकसान'. त्यानं वाक्यं नीट केली, शीर्षक दिलं. मुख्य उपसंपादकांनी विचारलं, "किती मिलिमीटर?" तो म्हणाला, "आकडा नाही सर, पण खूप झाला म्हणतात." रात्रीचे साडेदहा वाजले होते. सर म्हणाले, "महसूल मंडलात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला तर अतिवृष्टी. त्यावर पंचनामे ठरतात. वार्ताहराला फोन लाव, मंडलनिहाय आकडे घे." आकडे आले तेव्हा चारपैकी एकाच मंडलात ६५ ओलांडलेले होते. बातमी डबल कॉलमची सिंगल झाली, पण दुसऱ्या दिवशी तहसील कार्यालयातून खुलासा आला नाही. असा एक माणूस डेस्कवर असेल तर दोन वर्षांत तुम्ही तयार होता, नसेल तर दहा वर्षांतही होत नाही. 'शिकायला मिळालं' म्हणणारे बहुतेक अशा एखाद्या माणसाबद्दल बोलत असतात, कंपनीबद्दल नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे काम त्याच दिवशी संपतं. तुम्ही बँकेत आहात, थकीत कर्जाची एक फाइल किती वर्षं टेबलावर फिरते ते मी सांगायला नको. दैनिकात रात्री पान सुटलं की सुटलं. चांगलं निघालं तर सकाळी हातात आहे, वाईट निघालं तरी उद्या कोरं पान आहेच. ज्यांना हे मानवतं त्यांना दुसरी कुठलीही नोकरी मग संथ वाटते. माझ्याबरोबरचे दोघे जनसंपर्काच्या चांगल्या पगाराच्या नोकऱ्या सोडून परत आले ते याच कारणासाठी.

बातम्यांच्या गर्दीत असण्याची एक नशा असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. २३ नोव्हेंबर २०१९ ची सकाळ आठवा. घराघरांत पडलेल्या अंकांत उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार ही मुख्य बातमी, आणि आठच्या सुमारास राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार शपथ घेऊन मोकळे. छापून गेलेल्या अंकाचं दैनिकवाले काहीच करू शकत नव्हते. वाहिन्या आणि वेबसाइटवाले मिळेल त्या वाहनानं ऑफिसात धावले. कोणाची साप्ताहिक सुट्टी होती, कोणाची रात्रपाळी नुकतीच संपली होती, याचा हिशोब कोणी ठेवला नाही. त्या दिवसाबद्दल आज विचारा, तक्रार करणारा माणूस क्वचित सापडेल; जो तो आपण कुठे होतो ते रंगवून सांगेल. नंतर जून २०२२ मध्ये शिंदे यांच्या बंडाच्या वेळी सुरत, गुवाहाटी, पुन्हा मुंबई असे दहा दिवस सुट्ट्या रद्द झाल्या, तेव्हा मात्र पाचव्या-सहाव्या दिवसापासून चिडचिड सुरू झाली होती. गुवाहाटीच्या हॉटेलबाहेर उभं राहून तासातासाला 'आमदार अजून आतच आहेत' एवढंच सांगायचं, यात नशा किती दिवस टिकणार?

ओळख आणि उपयोग ही आणखी एक आवडीची गोष्ट, पण ती मुंबईपेक्षा जिल्ह्यात जास्त मिळते. शाळेच्या वेळेची एसटी बंद झाल्याची चार ओळींची बातमी लावली आणि आठवड्यात आगारानं फेरी सुरू केली, असं सांगलीत असताना झालं आहे. त्या गावातले लोक नंतर कितीतरी वर्षं कार्यालयात हुरडा आणून देत. मुंबईच्या डिजिटल डेस्कवर असलं काही वाट्याला येत नाही. लाखभर लोक तुमचं वाचतात आणि एकालाही तुमचं नाव ठाऊक नसतं.

आता नावडीच्या बाजूनं. पहिली तक्रार पैशांची. तुमच्या आकड्याचंच बघा. ४ लाख २० हजार म्हणजे महिना ३५ हजार असं वाटतं. त्यातला दहा टक्के 'व्हेरिएबल', म्हणजे बदलता भाग असेल, बहुतेक ठिकाणी असतो, तर ४२ हजार वर्षअखेरीस, तेही कंपनीच्या मर्जीवर. कंपनीच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी महिना १८०० धरला तर २१,६०० त्याच आकड्यात घातलेले असतात. ग्रॅच्युइटीचे दहाएक हजारही त्यातच. मग तुमच्या वाट्याचा निधी आणि २०० रुपये व्यवसाय कर कापून हातात येतात २७ हजारांच्या आतबाहेर. आरोग्यविम्याचा हप्ता यातूनच जात असेल तर आणखी कमी. मुंबईत तिघांत मिळून घेतलेली खोली, डबा, लोकलचा पास, सोलापूरच्या फेऱ्या, हे या रकमेतून भागतं. शिल्लक पडत नाही. बँकेतला आजचा हातात येणारा पगार याच्या शेजारी लिहून बघा, कागदावरचा नको.

सुरुवातीचा पगार कमी असणं लोक एकवेळ सहन करतात. खटकतं ते पुढे. तीन वर्षं राबलेल्या माणसाला पाच-सहा टक्के वाढ मिळते, आणि बाहेरून आलेल्या नवख्याला त्याच्याहून जास्त पगारावर घेतलं जातं. या धंद्यात खरी वाढ कंपनी बदलूनच मिळते, म्हणून लोक दर दोन-तीन वर्षांनी उड्या मारतात. मराठीत उडी मारायच्या जागा मोजक्या आहेत, आणि सगळे एकमेकांना ओळखतात, हे लक्षात ठेवा.

कागदाचा मुद्दा इथेच येतो. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्यात चार आठवड्यांत जास्तीत जास्त १४४ तास काम, आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी, आणि काढायचं झालं तर पत्रकाराला तीन महिन्यांची, संपादकाला सहा महिन्यांची नोटीस अशी तरतूद होती. पत्रकारांच्या पगारासाठी नेमलेल्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी केंद्रानं नोव्हेंबर २०११ मध्ये अधिसूचित केल्या, सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१४ मध्ये त्या वैध ठरवल्या, आणि २०१७ मध्ये कंत्राटी पत्रकारांनाही त्या लागू असल्याचं स्पष्ट केलं. पण हे सगळं वृत्तपत्रं आणि वृत्तसंस्थांपुरतं होतं. वाहिन्या आणि वेबसाइट त्यात नव्हत्या. २०२० च्या कामगार संहितेनं जुना कायदा सामावून घेतला आणि पत्रकाराच्या व्याख्येत टीव्ही-डिजिटललाही जागा दिली. तरीही तुमचं पद 'उपसंपादक' नसून 'कंटेंट प्रोड्युसर' का आहे, याचा विचार करा. नावात काय आहे असं म्हणू नका, हक्क मागायची वेळ येते तेव्हा पहिला वाद पदनामावरूनच सुरू होतो. त्यातून नेमणूक थेट कंपनीची नसून मनुष्यबळ पुरवणाऱ्या तिसऱ्याच संस्थेच्या पे-रोलवर असेल, तर कंपनीच्या दारावरची पाटी तुमच्या कामाची नाही.

वेळेबद्दल लोक जे लिहितात ते खरं आहे, पण त्यातही फरक आहे. बारा तास काम करावं लागलं म्हणून फार थोडे लोक सोडतात. उद्या पाळी कोणती हे आज रात्री अकराला व्हॉट्सअॅपवर कळतं, याला कंटाळून जास्त सोडतात. सलग रात्रपाळी चालते, शरीर जुळवून घेतं. सोमवारी सकाळ, मंगळवारी रात्र, गुरुवारी पुन्हा सकाळ, हे जुळत नाही. दैनिकाच्या संपादकीय विभागाला वर्षातल्या खऱ्या सुट्ट्या बोटांवर मोजण्याइतक्या. पंधरा ऑगस्टला कार्यालय बंद म्हणून सोळाला अंक नाही, अशा. वाहिनी आणि वेबसाइटला तेवढ्याही नाहीत. बँकेच्या दुसऱ्या-चौथ्या शनिवारची सवय असलेल्या माणसाला दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी 'शुभ मुहूर्त' अपलोड करत बसणं किती जड जाईल, ते ज्याचं त्यानं ठरवावं. साप्ताहिक सुट्टी मात्र शनिवार-रविवार मिळेल अशी आशा ठेवू नका. मला ती बहुतेक वर्षं मंगळवारीच मिळाली, आणि मंगळवारी बँकेत, दवाखान्यात गर्दी कमी असते हा त्यातला फायदा.

बायकांसाठी एक वेगळी ओळ. प्रश्न विचारणारे तुम्ही कोण हे मला माहीत नाही, पण वाचणाऱ्या मुली असतीलच. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलेला तिच्या संमतीशिवाय कामाला लावता येत नाही, आणि संमती असली तरी सुरक्षिततेची सोय मालकानं करायची असते. प्रत्यक्षात विचारायचं ते असं: घरापर्यंत गाडी सोडते की जवळच्या स्टेशनपर्यंत? गाडीत शेवटी उतरणारी मुलगी असेल तर बरोबर कोण असतं? लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीतल्या सदस्यांची नावं कुठे लावलेली आहेत? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा माणूस गोंधळला तर समजून जा. आणि 'रात्रपाळी झेपणार नाही' म्हणून हुशार मुलींना परस्पर पुरवण्यांकडे वळवण्याची जुनी सवय काही ठिकाणी अजून आहे. पुरवणीचं काम मला आवडतं, पण ते आपण निवडलेलं असावं.

जाहिरात विभाग आणि संपादकीय यांच्यातली भिंत पातळ होत चाललीय, ही तक्रार खरी आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर 'पेड न्यूज' हा शब्द गावोगावी पोचला. त्यापुढचं रूप जास्त साधं आहे. जिल्हा प्रतिनिधीला वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी जाहिरातींचं लक्ष्य दिलं जातं. ज्या कारखान्याच्या अध्यक्षाकडे जाहिरात मागायला गेलात, त्याच्या थकलेल्या ऊसबिलाची बातमी दुसऱ्या दिवशी कशी लिहिणार? मुंबईच्या डेस्कवर असताना तुमच्यापर्यंत हे थेट येणार नाही. तुमच्यापर्यंत येईल ती एक ओळ, 'ही सध्या थांबव'. कारण सांगितलं जात नाही. मला स्वतःला बातमी थांबण्यापेक्षा न सांगता थांबण्याचा जास्त राग येतो. चांगला वृत्तसंपादक बाजूला घेऊन सांगतो, "वरून आलंय, माझ्या हातात नाही." बातमी तरीही जात नाही, पण आपल्याला मूर्खात काढलं असं वाटत नाही.

आता तुमच्या पदाबद्दल. डिजिटल डेस्कची सकाळ कशी असते ते सांगते. सहाला लॉगिन. राशीभविष्य आणि सोन्याचा भाव रात्रीच शेड्यूल केलेले असतात, त्यात आकडे भरायचे. मग हवामान. मग 'लाडकी बहीण योजनेचा हप्ता कधी जमा होणार', ही बातमी. नवीन माहिती असो वा नसो, ती जायचीच, कारण दीड हजार रुपयांची वाट बघणाऱ्या बायका सकाळी उठून तेच शोधतात. भिंतीवरच्या स्क्रीनवर त्या क्षणी कोणत्या बातमीवर किती वाचक आहेत ते दिसत असतं. आठ वाजता शिफ्ट इनचार्ज म्हणतो, "डिस्कव्हरला (गूगल मोबाइलवर आपणहून बातम्या सुचवतं ती जागा) काही लागत नाहीये, काहीतरी करा." काहीतरी म्हणजे एखाद्या अभिनेत्रीची पोस्ट. दुपारी दोनला निघताना दहा-बारा कॉपी, म्हणजे लिहिलेल्या बातम्या, झालेल्या असतात, त्यातल्या आठ भाषांतरं किंवा जुळवाजुळव. हल्ली भाषांतराचा पहिला खर्डा यंत्रच करतं, माणसानं फक्त निस्तरायचं. ज्यांना लिहायची हौस म्हणून यायचं असतं त्यांचा पहिल्या सहा महिन्यांत भ्रमनिरास होतो, तो इथे.

तरीही डिजिटलमध्ये टिकलेले आणि खूश असलेले लोक मी पाहिलेत. त्यांनी पहिल्या वर्षातच एक विषय आपला केला. एकानं शेतमालाचे बाजारभाव आणि पीकविमा धरला, एकीनं शिष्यवृत्त्या आणि प्रवेशप्रक्रिया. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी सगळं ऑफिस तिच्याभोवती असतं. रोजच्या बारा कॉपी तेही लिहितात, पण तेरावी त्यांची स्वतःची असते आणि तिला कोणी हात लावत नाही. तुम्ही सहकारी बँकेत आहात. ठेवी, विमा संरक्षण, कर्जवसुली, रिझर्व्ह बँकेचे निर्बंध हे तुम्हाला आतून कळतं. मराठी डेस्कवर हे समजणारी माणसं फार कमी आहेत. एखाद्या सहकारी बँकेवर निर्बंध आले की ठेवीदार घाबरून काय काय शोधतात ते बघा, आणि त्यातल्या किती बातम्यांत ठेवींवरच्या पाच लाखांच्या विम्याचा नियम नीट समजावलेला असतो तेही बघा. मुलाखतीत भाषेवरच्या प्रेमाबद्दल बोलण्यापेक्षा याबद्दल बोला.

वाहिनीकडे बदली होण्याची शक्यता असेल तर एवढंच: तिथला मूड गुरुवारी ठरतो, कारण त्या दिवशी टीआरपी येतो. बातम्यांचे आकडे ऑक्टोबर २०२० ते मार्च २०२२ बंद होते, नंतर ते चार आठवड्यांच्या सरासरीनं येऊ लागले, तरी गुरुवारची धडधड गेलेली नाही.

अभिप्राय वाचायचे कसे? लिहिणारे दोन प्रकारचे असतात, नुकतेच चिडून बाहेर पडलेले आणि नुकतेच रुजू झालेले. दुसऱ्यांना काही ठिकाणी एचआरच लिहायला सांगतं. एकाच आठवड्यात पंचतारांकित अभिप्रायांची रांग लागलेली दिसली की ओळखा. आठ-दहा वर्षं तिथेच असलेले लोक काही लिहीत नाहीत, आणि खरी माहिती त्यांच्याकडे असते. तारीख बघा. २०२० च्या आसपासचे अभिप्राय पगारकपात आणि नोकरकपातीच्या काळातले आहेत, तेव्हा जवळपास सगळीकडे तेच चाललं होतं. संपादक बदलला असेल तर आधीचे अभिप्राय बाद धरा, कारण संपादक आपली माणसं घेऊन येतो आणि जातानाही घेऊन जातो. एकाच विभागातले तिघे 'राजकारण' म्हणत असतील तर तो एका साहेबाचा गुण आहे. दैनिक, वाहिनी आणि जाहिरात अशा तिन्हीकडचे लोक 'पगार उशिरा होतो' म्हणत असतील, तर ती कंपनीची तब्येत आहे, आणि मग विचारच करू नका.

होकार देण्याआधी एचआरला चार गोष्टी ईमेलवर विचारा: माझं रिपोर्टिंग कोणाला, पहिल्या तीन महिन्यांच्या पाळ्या कोणत्या, नेमणूक कंपनीची की बाहेरच्या पे-रोलवर, आणि व्हेरिएबल गेल्या वर्षी किती टक्के दिलं. तोंडी उत्तर चालणार नाही. मग ज्याला रिपोर्ट करायचं त्या माणसाशी पंधरा मिनिटं बोलायची वेळ मागा आणि त्याला विचारा, तुमच्या टीममधून गेल्या वर्षी कितीजण गेले आणि कुठे गेले. उत्तरापेक्षा तो उत्तर कसं देतो ते ऐका. शक्य झालं तर पाळी सुटायच्या वेळी ऑफिसखालच्या चहाच्या टपरीवर उभं राहा. तिथे दहा मिनिटांत जे कळतं ते कुठल्याही अभिप्रायात नसतं.

बँकेत बिनपगारी रजा मिळत असेल तर राजीनामा लगेच देऊ नका, महिना-दोन महिने इथे काढून बघा. मात्र तुमच्या सेवानियमांत दुसरीकडे काम करायला मनाई असेल, बहुधा असेलच, तर ही वाट बंद समजा. तुमच्या पत्रातला प्रोबेशन आणि नोटीसचा कालावधी तुम्ही लिहिलेला नाही. प्रोबेशनमध्ये कंपनीला सात दिवस आणि तुम्हाला दोन महिने, असा एकतर्फी मजकूर असेल तर तो बदलून मागा, पुष्कळदा बदलून मिळतो. चार उत्तरं आली की इथेच लिहा. विशेषतः रिपोर्टिंग दैनिकाच्या वृत्तसंपादकाला आहे की डिजिटलच्या 'बिझनेस हेड'ला, म्हणजे कमाई सांभाळणाऱ्या साहेबाला, ते कळवा. पहिलं असेल तर माझा सल्ला जा असा राहील, दुसरं असेल तर पैशांचं पुन्हा बोलू.